खारें पाणी आणि होडीचें एंजिन



कोंकणच्या किनाऱ्यावरून आज जी मासेमारीची नौका बंदराबाहेर पडते, तिला शिडाचा आधार बहुधा उरलेला नाहीं. तिचें बळ तिच्या पोटांत, फळ्यांखालीं धडधडणाऱ्या डिझेल एंजिनांत असतें, आणि त्याच्या भरंवशावर तांडेल व त्याचे खलाशी किनारा दिसेनासा होईपर्यंत दूर जातात. हें एंजिन काय खातें तें सर्वांना ठाऊक आहे. कारण डिझेलचे पैसे रोज मोजावे लागतात. परंतु तें काय पितें, याचा विचार एंजिन बंद पडेपर्यंत फारसा कोणी करीत नाहीं. एंजिनाच्या या पाण्याविषयींच आज मी चार शब्द सांगणार आहें.

होडीच्या पोटांतील एंजिन थंड ठेवण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिल्या पद्धतींत समुद्राचें खारें पाणी थेट एंजिनाच्या अंगांतून फिरवितात. दुसरींत एंजिनाच्या अंगांत गोडें पाणी कोंडून ठेवतात, आणि समुद्राच्या पाण्यानें त्या गोड्या पाण्याला निववितात. पहिलीस आपण उघडी पद्धति म्हणूं, दुसरीस बंद पद्धति. नवी होडी बांधणाऱ्यानें किंवा वापरलेलें एंजिन विकत घेणाऱ्यानें या दोहोंतून कोणती निवडावी, आणि निवडल्यावर ती कशी सांभाळावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. ऐकावयास तो लहान वाटतो. परंतु ज्याच्या डोक्यावर त्या एंजिनाचें कर्ज आहे आणि ज्याच्या घरचीं माणसें त्या होडीवर आहेत, त्याला तो लहान नाहीं.

प्रथम पाणी लागतें कशाला, तें पाहूं. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें ८,६०० किलोकॅलरी उष्णता निघते. तींतील ढोबळ मानानें एकतृतीयांश, कधीं थोडी अधिक, होडीचा पंखा फिरविण्याच्या कामीं येते. जवळ जवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली पाव ते एकतृतीयांश उष्णता एंजिनाच्या धातूंत शिरते, आणि तीच पाण्यानें वाहून न्यावयाची असते. शाळेंतल्या रीतीनें गणित केलें तर असें दिसतें कीं, दर लिटर डिझेलमागें पाण्याला जी उष्णता उचलावी लागते, तिनें ३० अंशांवरचें ३० ते ४० लिटर पाणी उकळीस येईल. ही उष्णता कोणीं वाहून नेली नाहीं तर वंगणाचें तेल जळतें, दट्ट्या फुगून नळकांड्यांत आवळतो, आणि एंजिन जागच्या जागीं जखडून बसतें.

उघडी पद्धति समजावयास सोपी आहे. होडीच्या तळाला एक झडप असते. झडपेपुढें गाळणी आणि गाळणीपुढें पंप. या पंपांत रबरी पाकळ्यांचें एक चाक फिरतें. मेस्त्री लोक त्याला इंपेलर म्हणतात. हें चाक समुद्राचें पाणी खेंचून घेतें आणि नळकांड्यांभोंवतीं एंजिनाच्या बिडांत ठेवलेल्या पोकळ वाटांत ढकलतें. त्या वाटांतून फिरून तापलेलें पाणी बहुधा धुराच्या नळींत सोडतात. तेथें तें धूर निववितें आणि त्याच्याबरोबरच बाहेर पडतें. या व्यवस्थेंत समुद्र हीच टांकी असते, आणि ती कधीं रिकामी होत नाहीं. भाग थोडे, वजन कमी, किंमत हलकी. बिघाड झाला तरी शोधावयास चार जागा. लहान एंजिनांना, आणि विशेषतः नदी-तलावांच्या गोड्या पाण्यांत चालणाऱ्या होड्यांना, ही पद्धति वाईट आहे असें कोणी म्हणूं नये.

परंतु समुद्राचें पाणी म्हणजे नुसतें पाणी नव्हे. त्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांच्यापासून एंजिनाला दोन अपाय होतात.

पहिला अपाय गंजाचा. बीड हें एका प्रकारचें लोखंडच असल्यामुळें खारें पाणी त्याला आंतून खात राहतें. गंज हा मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें पाण्याच्या वाटांच्या भिंती झिजून पातळ होत असतां त्या वाटा मात्र गंजानें भरून अरुंद होत जातात. बाहेरून एंजिनाला रंगाचा ताजा हात दिलेला असतो आणि आंतून त्याची दशा वाळवी लागलेल्या तुळईसारखी झालेली असते. वापरलेलें एंजिन घेणाऱ्यानें ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

दुसरा अपाय किटणाचा. ज्यांनीं उरण-भाईंदरकडील मिठागरें पाहिलीं असतील त्यांना हें लवकर समजेल. मिठागरांत पाणी आटूं लागलें म्हणजे खाण्याचें मीठ अगोदर बसत नाहीं. अगोदर चुनखडीचा आणि जिप्समचा अंश खालीं बसतो, मीठ मागाहून. या दोन पदार्थांचा स्वभाव साखरेच्या उलट आहे. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते. हे पदार्थ पाणी फार तापलें म्हणजे कमी विरघळतात. अर्थात् एंजिनांत जी जागा सर्वांत तप्त, तेथेंच त्यांचें कीटण धरतें. कीटण हें उष्णतेला अडविणारें आहे. तें बसलें म्हणजे धातु अधिक तापतो, आणि धातु अधिक तापला म्हणजे आणखी कीटण बसतें. घरांत पाणी तापविण्याच्या हंड्याच्या तळाशीं जें पांढरें पुट जमतें, त्याचाच हा भाऊ.

यावर उपाय म्हणून उघड्या पद्धतीच्या एंजिनांत पाणी फार तापूंच देत नाहींत. पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट असा बसवितात कीं उष्णतामान ५० ते ६० अंशांच्या आसपास राहावें. एंजिन जितकें थंड तितकें बरें, असें आपणांस सहज वाटेल. पण तसें नाहीं. नळकांड्यांच्या भिंती थंड राहिल्या तर इंधन नीट जळत नाहीं. जळण्यांतून निघालेली वाफ त्या भिंतींवर पाणी होऊन बसते, इंधनांतील गंधकाच्या धुराशीं मिळून तिचें आम्ल बनतें, तेल बिघडतें आणि धातूची झीज वाढते. डिझेल एंजिनाला ८० ते ९० अंशांवरचें पाणी मानवतें. म्हणजे खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या एंजिनाची स्थिति इकडे आड तिकडे विहीर अशी होते: तापवावें तर कीटण, न तापवावें तर झीज.

हा पेंच डिझेलच्या जमान्यांत प्रथम निर्माण झाला असें नाहीं. समुद्रावरील पहिल्या आगबोटींच्या बाष्पकांत समुद्राचेंच पाणी उकळीत असत. पाणी वाफ होऊन जाई आणि क्षार मागें राहत; म्हणून थोड्या थोड्या वेळानें तें दाट झालेलें ऊन पाणी समुद्रांत सोडून द्यावें लागे, आणि त्याबरोबर कोळशाची उष्णताहि फुकट जाई. बाष्पकांत जमलेलें कीटण माणसें आंत शिरून ठोकून काढीत. १८३४ सालीं इंग्लंडांत सॅम्युएल हॉल या गृहस्थानें एका युक्तीचें पेटंट घेतलें. एंजिनांतून बाहेर पडणारी वाफ त्यानें नळ्यांत नेली, त्या नळ्यांना समुद्राच्या पाण्यानें बाहेरून थंड केलें, आणि वाफेचें जें शुद्ध पाणी झालें तें पुन्हा बाष्पकाकडे पाठविलें. समुद्र जवळ आला, पण आंत मिसळला नाहीं. आरंभीं या यंत्राच्या नळ्या त्या काळच्या चरबीच्या वंगणानें तुंबत, म्हणून त्याचा प्रसार रेंगाळला. परंतु १८६० नंतरच्या दशकांत तें आगबोटींवर रूढ झालें, आणि त्यामुळें वाफेचा दाब वाढविणें व कोळसा वांचविणें शक्य झालें. आजच्या होडींतील बंद पद्धति ही त्याच कल्पनेची धाकटी बहीण आहे.

ती कशी चालते हें समजण्यास स्वयंपाकघरांत जावें. तापलेलें दूध लवकर निववावयाचें असलें म्हणजे गृहिणी परातींत गार पाणी घालते आणि त्यांत दुधाचें पातेलें ठेवते. दुधाची उष्णता पातेल्याच्या पत्र्यांतून पाण्यांत जाते. पण दुधांत पाण्याचा थेंबहि पडत नाहीं. बंद पद्धतींत दुधाच्या जागीं एंजिनांतलें गोडें पाणी आहे, परातींतल्या पाण्याच्या जागीं समुद्राचें पाणी आहे, आणि पातेल्याचा पत्रा म्हणजे तांबें व निकल यांच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांची जुडी. ही जुडी एका नळकांड्यांत बसविलेली असते. मेस्त्री तिला एक्स्चेंजर म्हणतात. सामान्यतः नळ्यांच्या आंतून समुद्राचें पाणी वाहतें आणि बाहेरून एंजिनाचें गोडें पाणी. गोड्या पाण्याला फिरविण्यास एक निराळा पंप असतो. तें पाणी एंजिनांतून एक्स्चेंजरकडे आणि एक्स्चेंजरकडून एंजिनाकडे अखंड येरझारा घालीत असतें.

या रचनेचे लाभ उघड आहेत. बिडाला खाऱ्या पाण्याचा स्पर्श होत नाहीं. एंजिनाला मानवणारें उष्णतामान निर्भयपणें ठेवतां येतें. टांकीला दाबाचें झाकण असल्यामुळें पाणी लवकर उकळत नाहीं. एका वातावरणाइतका अधिक दाब असला तर तें १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. याच कारणामुळें एंजिन तापलेलें असतां हें झाकण कधींहि उघडूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी अंगावर येतें. गोड्या पाण्यांत कूलंट नांवाचा द्रव मिसळतात. थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून त्याचा उपयोग. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीति नाहीं म्हणून कित्येक जण तो खर्च वांचवितात. पण आपल्याकडे त्याचें काम निराळें आहे: तो गंज रोखतो आणि उकळी लांबवितो. विहिरीचें जड पाणी भरलें तर त्याचेंहि कीटण बसतें; म्हणून कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यांतच मिसळावा. त्यांतील एक प्रकार, एथिलिन ग्लायकॉल, चवीला गोड असून विषारी आहे. त्याचा डबा मुलांच्या व जनावरांच्या वाटेस येऊं देऊं नये.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंद पद्धति घेतली म्हणजे समुद्र दाराबाहेर राहिला, असें पुष्कळांना वाटतें. खरें पाहतां समुद्र होडींत पूर्वीइतकाच येतो. तळाची झडप तीच, गाळणी तीच, रबरी चाकाचा पंपहि तोच. आणि एक्स्चेंजरमधून निघालेलें खारें पाणी धुराच्या नळींतहि पूर्वीप्रमाणेंच पडतें. फरक इतकाच कीं, समुद्रानें कोठें दांत लावावे हें आतां आपण ठरविलेलें असतें. उघड्या पद्धतींत तो एंजिनाचें मूळ अंगच खातो, आणि तें अंग पुन्हा मिळत नाहीं. बंद पद्धतींत तो नळ्यांची जुडी, रबराचें चाक, धुराच्या नळीचें कोपर असे भाग खातो, आणि हे भाग काढून नवे घालतां येतात. समुद्राला कर दोन्हीकडे द्यावाच लागतो. बंद पद्धतींत तो हप्त्यानें देतां येतो.

जस्ताच्या तुकड्यांचें तत्त्वहि हेंच आहे. खाऱ्या पाण्यांत दोन निरनिराळे धातु एकमेकांस जोडलेले असले म्हणजे त्यांच्यांत विजेचा मंद प्रवाह सुरू होतो, आणि दोहोंतील जो अधिक क्रियाशील तो झिजूं लागतो. म्हणून एक्स्चेंजरमध्यें जस्ताची कांडी बसवितात; ती स्वतः झिजते आणि इतर धातूंस वांचविते. हा शोध सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं ब्रिटिश आरमारासाठीं लावला. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे खारें पाणी खाऊन टाकी. डेव्हींनीं त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबें झिजेनासें झालें. पण गंमत अशी झाली कीं, झिजणाऱ्या तांब्याच्या विषानें जे शिंपल्यांचे जीव व शेवाळ दूर राहत होतें, तें आतां जहाजांच्या तळाला निर्धास्तपणें चिकटूं लागलें. संरक्षण हें फुकट मिळत नसतें, असा या गोष्टीचा बोध आहे. जस्ताची कांडी अर्धी झिजली म्हणजे बदलावी. ती महिनोन्महिने जशीच्या तशी दिसली तर आनंद मानूं नये. तिचा इतर धातूशीं संबंध नीट जुळलेला नाहीं, असा संशय घ्यावा.

बंद पद्धतीचाच आणखी एक प्रकार आहे. त्यांत एक्स्चेंजर होडींत न ठेवतां गोड्या पाण्याचे नळ होडीच्या तळाला बाहेरून बसवितात आणि तेथें तें पाणी निवतें. एंजिन थंड करण्यासाठीं समुद्राचें पाणी आंत घ्यावेंच लागत नाहीं. ज्या होडीला गाळानें भरलेल्या उथळ खाडींतून नेहमीं जावें लागतें, तिला ही व्यवस्था सोयीची. कारण गाळानें गाळणी तुंबण्याचा व पंप झिजण्याचा प्रश्नच राहत नाहीं. मात्र हे नळ खडकाला लागून चेपूं शकतात, आणि त्यांच्यावर कालवें वाढलीं कीं त्यांची निवविण्याची शक्ति घटते.

आतां निवड कशी करावी? माझें मत असें. होडी गोड्या पाण्यांत चालणार असेल, किंवा एंजिन लहान व स्वस्त असून कांहीं वर्षांनीं बदलण्याची तयारी असेल, तर उघडी पद्धति पुरे. पण जें एंजिन समुद्रांत रोज तासन् तास राबणार, आणि ज्याच्यावर एका कुटुंबाची सारी ठेव गुंतलेली आहे, त्याला बंद पद्धतीच असावी. तेथेंहि एक्स्चेंजर किती मोठा आहे तें विचारावें. आपल्या किनाऱ्यावरचें समुद्राचें पाणी वर्षाचा बराच काळ २७ ते ३० अंशांवर असतें. उत्तरेकडील थंड समुद्रासाठीं बेतलेला एक्स्चेंजर येथें अपुरा पडूं शकतो. ज्यांचें उघड्या पद्धतीचें एंजिन नवें आहे, त्यांना तें बंद पद्धतीचें करून घेतां येईल. परंतु पुष्कळ वर्षें खारें पाणी प्यालेल्या एंजिनावर हा खर्च करूं नये; आंतले गंजाचे पापुद्रे सुटून त्या बारीक नळ्यांत अडकतात, आणि पातळ झालेल्या भिंती कांहीं पुन्हा जाड होत नाहींत.

एंजिन कोणत्याहि पद्धतीचें असो, कांहीं नियम सर्वांना सारखे आहेत. एंजिन सुरू करतांच मागें वांकून धुराबरोबर पाणी पडतें आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें. पाणी पडत नसेल तर तत्काळ एंजिन बंद करावें. रबरी चाक कोरडें फिरलें तर थोड्याच वेळांत त्याच्या पाकळ्या तुटतात. तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडे मोजून काढावे. एकहि कमी भरला तर तो पुढें नळ्यांच्या तोंडाशीं अडकलेला आहे असें समजावें. आजकाल समुद्रांत प्लॅस्टिकच्या पिशव्या फार. एक पिशवी झडपेच्या तोंडावर बसली तरी पाणी बंद होतें. गाळणी रोज पाहावी. एंजिन सुरू होत नसेल तर स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवीत राहूं नये. धूर बाहेर लोटावयास जोर नसतो आणि पंप मात्र पाणी आणीत असतो. तें पाणी सायलेन्सर भरून उलट नळकांड्यांत शिरतें.

बंद पद्धतीच्या मालकानें आणखी दोन गोष्टी पाहाव्या. सकाळीं, एंजिन गार असतां, गोड्या पाण्याची पातळी पाहावी. ती वरचेवर उतरत असेल तर नुसती भर घालून स्वस्थ बसूं नये; पाणी कोठें जातें तें शोधावें. तेल दुधाळ दिसलें तर तें तेलांत जात आहे. दुसरें असें कीं, उष्णतामान दाखविणाऱ्या काट्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. पाणी इतकें कमी झालें कीं काट्याचें टोंक उघडें पडलें, तर एंजिन भाजत असतांहि कांटा खालचा आकडा दाखवूं शकतो. धुराबरोबर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ज्याच्या कानांत बसलेला आहे, त्याला हा धोका आधीं कळतो.

पावसाळ्यांत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पुष्कळ एंजिनें याच दिवसांत बिघडतात, कारण त्यांच्या पोटांत खारें पाणी तसेंच राहिलेलें असतें. होडी वर घेतांच खाऱ्या पाण्याच्या वाटेंतून भरपूर गोडें पाणी फिरवावें आणि तें काढून टाकावें. इंपेलर काढून ठेवावा, म्हणजे पाकळ्या दबून वांकड्या होणार नाहींत. जस्त बदलावें, रबरी नळ्या हातानें दाबून पाहाव्या, तळाची झडप मोकळी फिरते कीं नाहीं तें पाहावें. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्यापूर्वीं ही कामें उरकलेलीं असावीं. या साऱ्यांचा खर्च लहान आहे. तो न केल्यास होडी वाऱ्यानें खडकाकडे ढकलली जात असतां एंजिन बंद पडतें. आणि त्या वेळीं तांडेलाच्या हातीं शीड नसतें, नांगर लागण्याजोगा तळ असेलच असें नाहीं, आणि मेस्त्री बंदरांत बसलेला असतो.

म्हणून, ज्यांना यंदा एंजिन घ्यावयाचें आहे त्यांना माझें एवढेंच सांगणें कीं, किंमत आणि अश्वशक्ति विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: याच्या अंगांत कोणतें पाणी फिरतें, आणि आजपर्यंत कोणतें फिरलें आहे? विकणारा उत्तर देण्यास कां कूं करूं लागला, तर धुराच्या नळीचें कोपर उघडून दाखविण्यास सांगावें. आंतला गंज आपल्याला खरें तें सांगेल.